चमचा आणि प्याला : मराठी साहित्यात न उतरलेली एक चव

२० फेब्रुवारी १९१९ रोजी गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यात राम गणेश गडकरी यांचे 'एकच प्याला' प्रथम रंगभूमीवर आणले. नाटककार त्याआधी महिनाभर, २३ जानेवारीला निवर्तले होते. पदे विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी लिहिली. सिंधूची भूमिका बालगंधर्वांनी आणि सुधाकरची गणपतराव बोडसांनी केली. त्या प्रयोगाला शंभराहून अधिक वर्षे झाली. नाटकाचे नाव म्हणीसारखे रूढ झाले आणि त्यावर समीक्षाही विपुल झाली. ही शोकात्मिका आहे की नाही, सिंधूचे पातिव्रत्य आदर्श मानावे की नाही, तळीरामाचा विनोद नाटकाला पेलतो की मोडतो, यावर पिढ्यान्‌पिढ्या वाद झाले. या साऱ्या चर्चेत एक साधा प्रश्न मात्र माझ्या वाचनात कुठे आला नाही. त्या प्याल्यातल्या द्रवाची चव कशी होती?

प्रश्न थिल्लर वाटण्याचा संभव आहे. ज्या नाटकात एक मूल मरते, एक बाई मरते आणि एक बुद्धिमान माणूस विष पितो, तिथे चवीची चौकशी कशाला, असे कोणीही विचारील. पण साहित्यात एखादी गोष्ट वारंवार येते आणि तरी तिचा वास, रंग, चव कधीच येत नाही, तेव्हा ती का येत नाही हे विचारणे समीक्षेचे कामच आहे. आपण पुरणपोळीवर लिहितो, ठेच्यावर लिहितो. दुर्गाबाई भागवतांनी 'खमंग'सारखे पुस्तक लिहिले, पु. ल. देशपांड्यांनी आपले खाद्यजीवन सांगितले. पेयाची गोष्ट निघाली की मात्र आपले गद्य एकदम गंभीर होते किंवा एकदम चावट. मधली जागा रिकामी राहते.

या लेखात मला त्या रिकाम्या जागेविषयी बोलायचे आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : मराठी साहित्याने प्याला पाहिला, चमचा पाहिला नाही. प्याल्यात नाश होता, म्हणून तो नाटकात आला. चमच्यात औषध होते, म्हणून तो घरात राहिला. आणि मद्याची चव, तिची आठवण, तिचे सुख हे सगळे त्या चमच्याबरोबर घराच्या फडताळात बंद झाले.

प्याला

गडकऱ्यांचा सुधाकर मुळात व्यसनी नाही. तो हुशार, मानी वकील आहे. न्यायालयातल्या अपमानाने तो घायाळ होतो, वकिलीची सनद काही काळापुरती जाते आणि त्या अवस्थेत तळीराम त्याच्यापुढे पहिला प्याला करतो. तळीराम हा प्याला चैन म्हणून देत नाही, मनाच्या वेदनेवरचा उतारा म्हणून देतो. विसर पडावा, झोप लागावी, यासाठीची ही मात्रा आहे. म्हणजे मराठीतल्या सर्वांत प्रसिद्ध प्याल्याचा प्रवेश औषधाच्या दारातून होतो. ही गोष्ट गडकऱ्यांनी फार नेमकी पकडली आहे आणि तिच्याकडे व्हावे तितके लक्ष गेलेले नाही. पुढे तळीराम आजारी पडतो, तेव्हा त्याच्या अंथरुणाशी वैद्य आणि डॉक्टर भांडतात. तो प्रवेश आपण हास्याचा म्हणून वाचतो. पण उपचार आणि व्यसन यांच्या सीमेवरचे भांडण म्हणूनही तो वाचता येतो.

आर्य मदिरा मंडळाच्या प्रवेशांत तर पिणाऱ्यांची सभाच भरते. शास्त्री आहेत, खुदाबक्ष आहे, मवाळ आहेत, जहाल आहेत, सुधारक आहेत. सगळे बोलतात. कोणी दारूचे राजकारण सांगतो, कोणी तिचे तत्त्वज्ञान. शब्दांची आतषबाजी अफाट आहे. पण या सभेत एकही माणूस घोट घेऊन तो घशाला कसा लागला हे सांगत नाही. गडकऱ्यांसारख्या शब्दप्रभूला ते जमले नसते असे म्हणता येत नाही. त्यांना ते नको होते. चव सांगितली असती, तर प्रेक्षकाच्या जिभेला क्षणभर ओल सुटली असती आणि नाटकाचा हेतू तिथेच ढिला पडला असता.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'विद्याहरण' (१९१३) मध्येही मद्य आहे आणि मूळ महाभारतातली कथा तर विलक्षण आहे. कचाला जाळून त्याची राख सुरेत मिसळून शुक्राचार्यांना पाजली जाते; शिष्य गुरूच्या पोटात जातो. शुद्धीवर आल्यावर शुक्राचार्य मद्यपानाचा निषेध करतात. इथेही मद्य हे वाहन आहे. त्यातून राख गेली, तसे विषही गेले असते. गडकऱ्यांच्या शेवटच्या अंकात ते जातेच. दोन्ही नाटकांत प्याला भरलेला दिसतो तो दुसऱ्या कशाने तरी, स्वतःच्या रसाने नाही.

या न्यायात गैर काही नाही. सिंधू दळण दळते, मार खाते आणि मरताना फौजदारापुढे नवऱ्याला वाचवण्यासाठी खोटे बोलते. हे ज्या समाजात घरोघर घडत होते आणि घडते, तिथे नाटककाराने रसास्वादाच्या गप्पा माराव्यात अशी अपेक्षा करणे क्रूरपणाचे होईल. महात्मा फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना १८८० साली त्यांनी शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांविरुद्ध नगरपालिकेच्या अध्यक्षांना पत्र लिहिले होते. त्यामागेही संसार उद्ध्वस्त होताना पाहिलेली नजर होती. आमच्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातून आलेल्या दया पवारांच्या 'बलुतं' (१९७८) मध्ये वडिलांचे पिणे येते. तिथेही चव नाही आणि ती नसावी हेच खरे. गोदीतल्या कष्टांनंतर पोटात ओतायच्या द्रवाला आस्वादाची भाषा कुठून असणार?

रूपक

मग मद्याचे सुख मराठीत आलेच नाही का? आले; पण फार्सीच्या वाटेने आले. माधव जूलियन, म्हणजे माधव त्र्यंबक पटवर्धन, हे फार्सीचे प्राध्यापक. उमर खय्यामच्या रुबाया त्यांनी १९२९ मध्ये मराठीत आणल्या आणि १९३१ मध्ये फिट्झजेराल्डच्या इंग्रजी अवतारावरून 'द्राक्षकन्या' सिद्ध केली. 'द्राक्षाची कन्या' ही फार्सी कवितेतली जुनी कल्पना आहे. मराठीत ती इतकी गोड वाटते की जणू इथलीच. त्यानंतरच्या भावगीतांत आणि गझलांत प्याला, साकी, मैफल, मदिरा यांची रेलचेल झाली.

पण हा प्यालाही रिकामाच आहे, वेगळ्या अर्थाने. त्यात प्रेम आहे, क्षणभंगुरता आहे, परमेश्वरही आहे; द्राक्ष मात्र नाही. नाशिकच्या बागा ज्या भाषेत पिकतात, त्या भाषेच्या मदिराकाव्यात द्राक्षाचा तुरटपणा सापडू नये, हे नवल आहे. एका बाजूला शोकांतिका आणि दुसऱ्या बाजूला रूपक, असे दोन कप्पे मराठी साहित्याने केले. पहिल्यात दारू फार खरी आहे, म्हणून तिला चव नाही. दुसऱ्यात ती मुळी खरीच नाही, म्हणून तिला चव नाही.

याच वेळी तेच द्राक्ष आणखी एका ठिकाणी होते. 'द्राक्षकन्या' पुस्तकांच्या कपाटात होती आणि 'द्राक्षासव' औषधांच्या फडताळात. दोन्ही एकाच वेलीची अपत्ये. पण एकीची समीक्षा झाली, दुसऱ्याची कोणी दखलही घेतली नाही.

चमचा

इथे स्वतःच्या जिभेची साक्ष काढल्याशिवाय पुढे जाता येत नाही. खर्ड्यासारख्या गावात राहून विदेशी मद्यांचा अभ्यास करण्याची सोय नाही आणि मला तशी हौसही नाही. परंतु गेल्या हिवाळ्यात एका स्नेह्याच्या परदेशातल्या मुलाने एक छोटी बाटली आणून दिली. बेनेडिक्टीन नावाचे वनौषधींचे गोड मद्य आणि ब्रँडी यांचे ते मिश्रण. बाटलीवर 'बी अँड बी' असे लिहिलेले. मी जामखेडहून द्राक्षासवाची बाटली मागवली. दोन वाट्यांत दोन-दोन चमचे घेतले, आपल्या औषधाच्या शिरस्त्याने बरोबरीने पाणी घातले आणि आळीपाळीने चाखले.

परदेशी वाटीतला पहिला घोट घशाशी जळजळला. तो झणका ओसरला आणि मागून जे आले ते ओळखीचे होते. आधी मधासारखा गोडवा, मग दालचिनी, लवंग, जायफळ, मग जिभेच्या कडेला राहणारा कडसर काढ्याचा स्वाद. दुसऱ्या वाटीतले द्राक्षासव अधिक दाट, अधिक तुरट, थोडे आंबूस, जळजळ नावापुरती. तरीही दोघांत भाऊबंदकी होती यात शंका नाही. आणि त्या दुसऱ्या वाटीबरोबर आमच्या आजीचा कोनाडाच उघडला : कंदील, पंचांग, सुंठीचा डबा आणि काळसर बाटली. जेवणानंतर आजी झाकणात मोजून घ्यायची. दिवेलागणीला 'दारू' हा शब्द उच्चारायचा नाही असा ज्या घरात दंडक, त्या घरात ती बाटली देवघराच्या शेजारी होती. माझ्या धाकट्या भावाच्या वेळी आईला बाळंतपणात तेच मिळाले. पुष्कळ वर्षांनी आई एकदा म्हणाली होती, "ते औषध संपू नये असं वाटायचं बघ." आजन्म उपासतापास करणाऱ्या बाईने सुखाविषयी काढलेले हे एक वाक्य मला कोणत्याही मदिराकाव्यापेक्षा मोलाचे वाटते.

दोन वाट्यांत सारखेपणा का निघाला, याचे उत्तर भावनेत शोधण्याचे कारण नाही. ते व्यापारात आणि कृतीत आहे. बेनेडिक्टीन हे फ्रान्सच्या नॉर्मंडी भागातल्या फेकां गावात अलेक्झांडर ल ग्रां याने १८६३ साली सिद्ध केले. सत्तावीस वनस्पती आणि मसाले त्यात असतात असे कंपनी सांगते. १५१० मध्ये एका बेनेडिक्टाइन साधूने मूळ कृती रचली अशी कथाही ती सांगते आणि बाटलीवर परमेश्वराला वाहिलेल्या तीन लॅटिन शब्दांची आद्याक्षरे छापते. साधूची कथा खरी असो वा जाहिरातीची, एक गोष्ट स्पष्ट आहे : त्या सत्ताविसांपैकी दालचिनी, लवंग, जायफळ, जायपत्री, वेलदोडे ही मंडळी हिंदी महासागराच्या किनाऱ्यांवरून तिकडे गेली. नॉर्मंडीच्या बाटलीत आजीचा कोनाडा सापडला तो त्यामुळे. कृतीचे तत्त्वही एकच : वनस्पतीचे सत्त्व मद्यार्कात उतरते आणि टिकते, गोडीमुळे ते घेववते.

फरक आहे तो मद्यार्क कुठून येतो यात. तिकडे ऊर्ध्वपातन करून काढलेला तीव्र मद्यार्क घेऊन त्यात वनस्पतींचा अर्क आणि साखर घालतात. तयार पेयात तो शेकडा ४० असतो. आपल्याकडे काळ्या मनुका, गूळ किंवा साखर, दालचिनी, वेलदोडे, तमालपत्र, नागकेशर, मिरे, पिंपळी अशी द्रव्ये घेऊन ती तूप लावलेल्या भांड्यात मुरवतात. पुष्कळ पाठांत धायटीची फुले संधानाला मदत करतात. मद्यार्क आतच जन्मतो आणि तो साधारण शेकडा ५ ते १० एवढाच असतो. म्हणून आपला चमचा सौम्य.

शार्ङ्गधरसंहितेत आसव आणि अरिष्ट यांची व्याख्या येते. औषध न उकळता पाण्यात मुरवले तर आसव, काढा करून मुरवले तर अरिष्ट. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की व्याख्या करताना ग्रंथकार दोघांनाही सरळ 'मद्य' म्हणतो. त्याला संकोच नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात धान्य, फळ, मूळ, फूल, साल, साखर अशा उगमांनुसार चौऱ्याऐंशी आसवे मोजली आहेत आणि त्याच संहितेच्या चिकित्सास्थानात मदात्ययाचा, म्हणजे अतिपानाने होणाऱ्या रोगाचा, स्वतंत्र अध्याय आहे. त्या अध्यायात मद्य कोणी, कधी, कशाबरोबर घ्यावे हेही आहे आणि मदाच्या पायऱ्यांवरून माणूस कसा घसरतो तेही आहे. गुण आणि नाश एकाच लेखणीने लिहिलेले आहेत. ही जी अखंड नजर होती, ती पुढे दुभंगली.

शब्दाची साक्ष

ती दुभंगल्याची खूण आपल्या भाषेतच आहे. 'दारू' हा शब्द फार्सी. फार्सीत त्याचा अर्थ औषध. मराठीत 'दवादारू' या जोडशब्दात तो जुना अर्थ अजून जिवंत आहे. आजाऱ्याच्या दवादारूला पैसे लागले असे म्हणताना कोणाच्या मनात गुत्ता येत नाही. तोच शब्द तोफेत ठासायच्या मिश्रणाला लागला आणि दारूगोळा झाला. तोच पुढे गुत्त्यातल्या पेयाला लागला. ११ मार्च १७९५ रोजी आमच्या गावाच्या परिसरात मराठे आणि निजाम यांच्यात जी लढाई झाली, तिच्या वर्णनांत 'दारू' शब्द येतो तो तोफांच्या संदर्भात. एकाच शब्दात बरे करणारी, उडवून देणारी आणि झिंगवणारी अशा तीन वस्तू राहतात. त्यातली पहिली आपण विसरलो. म्हणून तिसरीविषयी बोलताना आपल्याला दुसरीच आठवते.

कायदा आणि लेबल

विसरण्यात कायद्याचा वाटा मोठा आहे. १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्याने गावोगावच्या लहान भट्ट्या मोडून मद्य सरकारी देखरेखीखालच्या मोठ्या भट्ट्यांकडे नेले. १८९२ च्या मोहफूल कायद्याने ठाणे-कुलाब्याकडच्या आदिवासींना त्यांच्याच झाडाखालची फुले साठवणे गुन्हा ठरले. मोहाचे फूल अन्न होते, औषध होते, सणाचे पेय होते. सरकारने त्यातला एकच अर्थ मोजला, महसुलाचा. हा चमच्यावर प्याल्याने केलेला पहिला मोठा अतिक्रम म्हणता येईल.

पुढे दारूबंदी आली. मुंबई शहरात १ ऑगस्ट १९३९ ला तिचा पहिला प्रयोग झाला आणि स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला. या कायद्याला एफ. एन. बलसारा यांनी आव्हान दिले आणि १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. कायदा एकंदरीत टिकला. पण मद्यार्क असलेली औषधे आणि प्रसाधने यांच्यावरचे निर्बंध, जेवढे अवाजवी होते तेवढे, रद्द झाले. साहित्याच्या अभ्यासकाने हा निकाल वाचण्यासारखा आहे. एकाच मद्यार्काला न्यायालयाने दोन वेगळी आयुष्ये दिली : लेबलवर 'औषध' असेल तर फडताळ, नसेल तर तुरुंग.

खर्ड्याला हे भेद नकाशावरच दिसत होते. हे गाव इंग्रजी अमलात नगर जिल्ह्यातले. पण जामखेडच्या मुलुखाभोवती निजामाची हद्द पसरलेली. १९४८ पर्यंत दोन राज्यांच्या दोन आबकाऱ्या होत्या. १९४९ नंतरही १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत गावात मुंबई राज्याचा कायदा आणि काही मैलांवर हैदराबाद राज्याचे निराळे नियम. तेच पेय, तोच माणूस. शीव ओलांडली की गुन्हा बदले.

लेबलच्या या राज्यात पळवाटाही निघाल्या. बंदीच्या काळात सुंठीच्या टिंक्चरसारखी औषधे नशेसाठी प्यायली गेली. आयुर्वेदातल्या मृतसंजीवनी सुरेवर नियंत्रणे आली ती याच कारणाने. तळीरामाने ओळखलेले दार राज्यभर उघडले. आणि कायद्यानेही शेवटी तळीरामाचाच युक्तिवाद स्वीकारला. महाराष्ट्रात पिण्याच्या परवान्याची कल्पना 'आरोग्याच्या जपणुकीसाठी' या पायावर उभी आहे. कागदोपत्री आपल्याकडचा पिणारा हा रसिकही नाही आणि व्यसनीही नाही. तो रुग्ण आहे.

दरम्यान आमच्याच जिल्ह्यात उसाने सगळे रूप पालटले. श्रीरामपूरजवळ टिळकनगरला १९३३ मध्ये महाराष्ट्र शुगर मिल्स उभी राहिली. तिच्याच परंपरेतल्या कंपनीची मॅन्शन हाउस ब्रँडी आज देशातल्या सर्वाधिक खपणाऱ्या ब्रँडींपैकी आहे आणि तिचा मोठा खप दक्षिणेत आहे. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना निघाला. साखरेमागून मळी आणि मळीमागून मद्यार्क. आपल्याकडच्या बहुतेक ब्रँडीचा पाया मळीचा आहे, द्राक्षाचा नाही. ज्या जिल्ह्यात ऊसतोडीच्या गाड्या रात्री रस्त्यावरून जातात, त्या जिल्ह्याच्या कथा-कादंबऱ्यांत ऊस आहे, कारखाना आहे, निवडणूक आहे. मळीचा तो आंबूस-गोड दर्प मात्र क्वचितच आढळतो.

चमच्याचा हक्क कोणाला

इथपर्यंत वाचून कोणाला वाटेल की मी चमच्याची आरती करतो आहे. तसे नाही. चमच्यालाही जात आणि लिंग होते.

बाईला चमचा मिळे तो बाळंतपणात, थंडीत किंवा म्हातारपणी. म्हणजे तिचे शरीर कामाला आले किंवा कामातून गेले, तेव्हा. ब्रँडीचा चमचा बाळंतिणीला, आणि बोट बुडवून तान्ह्यालाही, हा प्रकार कित्येक घरांत चाले. तान्ह्याला मद्यार्क देणे घातकच आहे, त्याचे समर्थन होऊ शकत नाही. पण बाळंतिणीच्या चमच्यात आणखी काही होते. सुखाला औषधाचे नाव दिल्याशिवाय ते तिला घेता येत नव्हते. ही गोष्ट आपल्यापुरती नाही. सिंगापूर-मलेशियातल्या चिनी कुटुंबांत बाळंतिणीला पौष्टिक म्हणून बेनेडिक्टीनच देण्याची प्रथा आहे. नॉर्मंडीचा साधू, सिंगापूरची सासू आणि खर्ड्याची आजी एकाच चमच्यावर एकमत होतात, हे गमतीचे आहे आणि उदास करणारेही.

पुरुषांच्या आठवणी मात्र उघड्यावर राहतात. इंग्लंडमधल्या बर्नली गावात खाणकामगारांच्या क्लबात बेनेडिक्टीन गरम पाण्यातून पितात. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये गेलेल्या लँकेशायरच्या सैनिकांनी ही सवय घरी आणली असे सांगतात. तिथे ती चव म्हणजे युद्धाचे स्मारकच झाली आहे. गोव्यात दुकशिरीची, म्हणजे अनंतमुळाची, मुळे घातलेली फेणी पोटासाठी म्हणून घेतात आणि आवडते म्हणूनही घेतात. दोन कारणे एका पेल्यात नांदतात. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मोहाच्या फुलाच्या वाट्याला मात्र दीर्घकाळ पोलिसांची धाडच आली. वरच्या घरातले द्राक्षासव औषध आणि पाड्यावरची मोहाची धार गुन्हा, हा निवाडा मद्यार्काच्या प्रमाणावरून झाला असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

समीक्षेपुढचे काम

जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा वाइन म्हणजे दारू नव्हेच असे जाहीरपणे सांगितले गेले. राळेगणसिद्धीहून अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला. त्या वादात दोन्ही बाजू एकमेकींवर लेबले फेकत होत्या : ही म्हणे शेतमालाचे पेय, ती म्हणे विष. महिनाभर चाललेल्या चर्चेत वाइन कशी लागते हे कोणी बोलले नाही आणि ज्या गावांत बायकांनी मतदान करून बाटली आडवी केली, त्यांना ती का करावी लागली हेही फारसे कोणी विचारले नाही. चमचा आणि प्याला एकमेकांकडे पाठ करून बसले की वाद असाच होतो.

माझा आग्रह कोणी प्यावे असा नाही. बाटली आडवी करणाऱ्या बायकांचे मत मला शिरोधार्य आहे. सिंधू त्यांच्या आधी शंभर वर्षे मेली, एवढाच फरक. पण एखाद्या वस्तूचा धोका खरोखर समजायचा असेल, तर तिचे आकर्षणही लिहिता आले पाहिजे. चरकाने ते केले. गडकऱ्यांनी आकर्षण मुद्दाम टाळून धोका लिहिला आणि त्यांच्या काळात ते बरोबर होते. नंतरच्यांनी मात्र त्यांचे टाळणे हाच नियम मानला. परिणाम असा झाला, की सुधाकर त्या प्याल्याकडे पुनःपुन्हा का जातो याचे उत्तर आपल्या साहित्यात कायम 'दुर्बल मन' एवढेच राहिले. त्या गोड, कडसर, उबदार घोटाने त्याला काय दिले, हे पान कोरे राहिले.

ते पान भरण्याची सामग्री आपल्याकडे आहे. शब्द आहेत : तुरट, कडसर, आंबूस, उग्र, झणका, दर्प. साक्षीदार आहेत, पण ते झपाट्याने कमी होत आहेत. ज्यांनी चौरंगावर बसून आसवे मुरताना पाहिली, ज्यांनी बाळंतपणातला चमचा घेतला, ज्यांनी मोहाची फुले वेचली आणि त्यासाठी दंड भरला, त्यांच्या जिभांवर या भाषेतला एक न लिहिलेला खंड आहे. त्यातल्या बहुतेक बायका आहेत आणि त्यांना कोणी चवीविषयी विचारलेले नाही; विचारले ते नवऱ्याच्या पिण्याविषयी. दोन्ही प्रश्न एकाच बाईला, एकाच बैठकीत विचारता येतील तेव्हाच मराठीला या विषयावर पुरते बोलता येईल. नाटककाराने प्याला दाखवून शतक लोटले. आता संशोधकाने वही घेऊन फडताळापाशी बसायचे आहे, बाटली रिकामी होण्यापूर्वी.